वीतभर लाल माती

शहराच्या ज्या टोकाला बस वळसा घालून परत फिरते, तिथे पत्र्याचं एक लांबलचक गोदाम होतं आणि त्या गोदामात बाई दगड वाचत बसायच्या. ‘वाचत’ हा त्यांचा शब्द. बस थांब्यावरचा फळवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, “त्या बाई दगडांशी बोलतात.” यात फळवाल्याची चूक एवढीच, की बोलणं कमी होतं आणि ऐकणं जास्त.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारून विचारून जीव नकोसा करणारी माणसं एकेक करून गेली, आणि आता तो प्रश्नही कुणी विचारत नाही याची बाईंना अधूनमधून चुटपुट लागे. एक भाऊ होता, दूर देशी. वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. हल्ली तो मेसेजवर भागवायला लागला होता. मेसेजमध्ये केक असायचा, त्यावर मेणबत्ती हलायची.

काम मोठं होतं. डोंगराच्या पोटातून पाण्याचा बोगदा न्यायचा होता. त्याआधी पोटात काय दडलंय ते कळायला हवं, म्हणून डोंगरावरून ठिकठिकाणी भोकं पाडायची. हिऱ्याचे दात बसवलेली पोकळ नळी गरगर फिरत खाली जाते आणि वर येताना दगडाची गोल कांडी घेऊन येते. मनगटाएवढ्या जाड या कांड्या लांबट पेट्यांच्या खाचांत ओळीने मांडायच्या, नळीची एकेक फेरी संपली की मध्ये लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची, आणि पेट्या गोदामात धाडायच्या. गोदामात बाई प्रत्येक कांडी हातात घेऊन ठरवायच्या, हा कोण, कुठून आला आणि याच्यावर भरवसा ठेवावा का. माणसांच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न त्यांना कधी धड सुटले नव्हते. दगडाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि दगड तरी काय, एकच. बसाल्ट. काळा कातळ. जगातला सगळ्यात सामान्य ज्वालामुखीचा दगड. समुद्राचे तळच्या तळ त्याचेच. तरी नव्या नव्या साहेबांना तो ओळखता येत नसे. आपल्या स्वयंपाकघरातला गुळगुळीत काळा ओटा त्यांना आठवायचा आणि ते म्हणायचे, “ग्रॅनाइट ना हा?”

बाई भिंग पुढे करायच्या. “दाणे दिसतात का बघा.”

“नाही दिसत.”

“मग कसला ग्रॅनाइट? ग्रॅनाइट जमिनीत खोलवर सावकाश गार होतो, लाडाकोडात. त्याचे दाणे साखरेसारखे वाढतात, मोजून घ्यावेत. हा बिचारा उघड्यावर ओतला गेला आणि भराभर थंड झाला. दाणा धरायला याला सवडच मिळाली नाही.”

मग त्या साहेबांच्या हातात कांडी द्यायच्या, म्हणजे वजनाने हात खाली जायचा. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ नेऊन दाखवायच्या. ते जरासं, संकोचाने, दगडाकडे झुके, कारण याच्या अंगात लोखंड. म्हणूनच उघड्यावर पडला की वरची साल गंजून तपकिरी होते आणि लोक म्हणतात हा वेगळा दगड. हातोडीने फोडा, आत काळाच. ताजा असला तर फुटताना घंटेसारखा वाजतो. “बाहेरून कसाही दिसो,” बाई म्हणायच्या, “फोडल्याशिवाय मत देऊ नये.” साहेब घड्याळ बघायचे.

यात एकच गोष्ट खरी वाचण्यासारखी होती, ती म्हणजे बुडबुडे. लाव्हा वाहताना त्यातला वायू वर पळायला बघतो. दगड त्याला गोठवतो. त्यामुळे लाव्ह्याच्या प्रत्येक लोटाचा माथा भोकाभोकांचा, पावासारखा, आणि पोट घट्ट. माथ्यावरून खाली उतरत जावं तशी भोकं हळूहळू विरळ होत जातात. ती ‘हळूहळू’ विरळ होतात, हे बाईंचं अर्ध्या आयुष्याचं शहाणपण.

आता मिस्त्री. मिस्त्री म्हणजे डोंगरावर ड्रिलचं यंत्र चालवणारा माणूस. दर शनिवारी दुपारी ते आठवड्याच्या पेट्या टेम्पोतून आणायचे, उतरवून द्यायचे आणि चहाला बसायचे. चहा हे निमित्त. खरा कार्यक्रम सासूबाईंचा. मिस्त्रींची सासू त्यांच्याच घरी राहायची आणि त्या घरात कित्येक वर्षं असं एक युद्ध चालू होतं, की ज्यात दोन्ही सैन्यं एकाच टेबलावर जेवत.

“काय म्हणते आघाडी?” बाई कप पुढे करत विचारायच्या.

“परवाचं ऐका. नळाचा वायसर बदलायला बसलो. म्हातारी येऊन उभी. म्हणते, ‘जावईबापू, अख्ख्या डोंगराला भोक पाडता, आणि नळाचं एक भोक बुजवायला एवढा वेळ?’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी कुठला बोलतोय? नळ सोडून दाखवला.”

“आणि?”

“गळत होता.”

बाई एवढ्या हसायच्या की पत्रे वाजायचे. मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण वहिनींचा कुठला गुडघा दुखतो ते त्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी कुठल्या भाजीवरून किती दिवस अबोला धरला, मग तो मोडायला कोण आधी बोललं, सगळं तोंडपाठ. जमाखर्च मांडायचा तर बाईंचा अख्खा आठवडा जमेच्या बाजूला शनिवारचा तो एक तास दाखवत होता. बाकीचे दिवस नुसते खर्ची पडत.

एक लहानशी गोष्ट सांगायची राहिली. मागे ओल्या हवेच्या दिवसांत कांड्या चिखलाने माखून आल्या होत्या. बाई करवादल्या, “मिस्त्री, दगड आणलेत की शेत? बाह्या बघा माझ्या!” मिस्त्रींनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दगड असे यायचे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. ब्रशने घासलेले, पुसलेले, एकाला एक खेटून बसवलेले. बाई म्हणाल्या, “वा!” त्या ‘वा’बद्दल पुढे त्यांना फार वाईट वाटायचं होतं.

एका शनिवारी चहा संपवून उठता उठता मिस्त्री म्हणाले, “बाई, उद्या घरी जेवायला या.”

‘कशाला उगीच?’ असं म्हणायची बाईंना लहानपणापासून सवय होती. पण कुणी बोलावल्याला इतकी वर्षं लोटली होती, की सवय गंजून गेली होती. “किती वाजता?” त्या म्हणाल्या.

मिस्त्री हसले. “म्हातारीचाच हट्ट आहे. म्हणते, ‘जिच्याकडे जाऊन तुम्ही दर शनिवारी माझ्या चहाड्या करता, ती बाई मला बघायची आहे.’”

“तुम्ही सांगितलंत त्यांना?”

“मी कशाला सांगतोय? शनिवारी घरी आलो की माझा चेहरा हलका दिसतो म्हणे.”

टेम्पो गेला. बाईंनी कप विसळले, हात पुसले आणि पेट्या उघडल्या. आणि दुसऱ्याच पेटीत त्यांचा हात थांबला.

एका ठोकळ्यापासून पुढच्या ठोकळ्यापर्यंत दगड जेवढा भरायला हवा तेवढा भरत नव्हता. वीतभर कमी होता. तसं हे नेहमीचंच. नळीचे दात दगडाचा थोडा भुगा करतात, तो पाण्याबरोबर वाहून जातो. आळशी माणूस फेरीच्या शेवटी ‘थोडा गेला’ असं लिहून मोकळा होतो. पण बाईंना मधली एक जागा खटकली. वर घट्ट, काळा, मुका दगड. त्याला खेटून खाली लगेच भोकाभोकांचा. हळूहळू नाही, एकदम. जणू एका माणसाच्या पायांना दुसऱ्याचं डोकं लावून ठेवलंय. म्हणजे हे दोन वेगळे लोट. वरचा नंतर आला, खालचा कधीचा आधी येऊन पडलेला. बाईंनी दोन्ही कांड्यांची तोंडं जुळवून पाहिली. खरोखर तुटलेला दगड दातात दात घालून बसतो. ही तोंडं बसेनात. मध्ये काहीतरी होतं, ते आता नव्हतं.

काय असेल याचा अंदाज त्यांना होता. अशा दोन लोटांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा थर असतो. मऊ. पाणी लागलं की फुगतो आणि साबणासारखा होतो. बोगद्याच्या छपरात तो आला आणि कुणाला माहीत नसला, तर वरचा कातळ खालच्यावरून घसरून खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यात येतो.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “बाई, परवापासून पलीकडच्या तोंडाने खणायला घेतोय. तुमच्याकडून सगळं ठीक? अखंड कातळ ना?”

“सोमवारी सकाळी सांगते. तोवर यंत्र लावू नका.”

“काही आहे का?”

“असेल तर सोमवारी सांगते.”

विचारायचं मिस्त्रींनाच. पण उद्या नाही. उद्या जेवायला जायचं. सोमवारी सकाळी लवकर डोंगरावर जायचं, मिस्त्रींना एकट्याला बाजूला घ्यायचं आणि हळूच विचारायचं, त्या फेरीत नळीतून काय काय निघालं होतं? हा ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंच्या घरी सगळे ठराव एकमतानेच मंजूर होत.

रविवारी बाईंनी फळवाल्याकडून चांगली संत्री निवडून घेतली. फळवाला चाट पडला. एरवी त्या एकच फळ घ्यायच्या. “पाहुणे येणार वाटतं?”

“मी पाहुणी आहे,” बाई म्हणाल्या. हे सांगायला त्यांना फार बरं वाटलं.

मिस्त्रींचं घर वरच्या मजल्यावर. दाराबाहेर चपला-बूट भिंतीला लावून ठेवलेले, एकमेकांना खेटून, मध्ये काडी जाणार नाही असे. बाईंनी आपल्या चपला शेजारी काढल्या, त्या जरा वाकड्या राहिल्या. मागून आलेल्या मिस्त्रींनी त्या पायानेच सरळ करून रांगेत सरकवल्या. बाईंना वाटलं, आपल्याला कुणीतरी घरातलंच धरलं.

सासूबाई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. मूठभर बाई, डोळे मात्र घरभर.

“या. तर तुम्ही दगडवाल्या.”

“हो आजी. आणि तुम्ही—”

“मी कोण ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.”

वहिनी आतून ओरडल्या, “आई! आल्या आल्या नको हं!” आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. डावा पाय जरा जपून टाकत होत्या. बाई जवळजवळ म्हणाल्याच होत्या, ‘गुडघ्याला तेलाचा काही उपयोग झाला का?’ पण गिळलं.

टेबल छोटं होतं, चौघांची कोपरं एकमेकांना लागत होती. भात वाफाळत होता, कोंबडीचा रस्सा होता, काकडी कापलेली होती. कुणीतरी न विचारता आपल्या ताटात वाढतंय, ही गोष्ट बाई विसरून गेल्या होत्या. त्यांनी दोनदा “पुरे” म्हटलं, कुणी ऐकलं नाही, आणि तिसऱ्यांदा त्यांनी ताटच पुढे केलं.

“जेवा की,” सासूबाई म्हणाल्या. “का आमच्या भातातही काही शोधताय?”

“शोधतीलही,” मिस्त्री रंगात आले होते. “बाईंची नजर म्हणजे काय! केसाएवढी चीर सोडत नाहीत. म्हणून तर मी दगड कसा चकाचक करून देतो. ह्या आठवड्यात तर काय झालं, एका फेरीला नळी उघडली आणि आतून नुसता लाल चिखल! दोन कांड्यांच्या मध्ये गच्च. म्हटलं, हे बाईंकडे असं गेलं तर बाह्यांची वाट लागणार. हाताने चोळून चोळून काढलं सगळं, ब्रश मारला, आणि कांड्या अशा जोडून ठेवल्या की पत्ता लागायचा नाही. लागला का बाई, पत्ता?”

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांचं एक मन म्हणालं, सोमवारी. सोमवारी, डोंगरावर, एकट्याला. आणि त्या गप्प राहिल्याही असत्या. पण चेहरा गप्प राहिना, आणि समोर बसलेल्या म्हातारीला चेहरे वाचता येत होते.

“काय हो?” सासूबाई पुढे झुकल्या. “त्या चिखलात काही होतं वाटतं?”

“तसं काही नाही.”

“नाही कसं? तुमचा रंग उतरला.”

“तो चिखल नव्हता, आजी,” बाई म्हणाल्या. “माती होती. फार जुनी.”

“मग? मातीत काय असतं?”

इथे बाईंनी थांबायला हवं होतं. पण किती वर्षांत कुणी त्यांना ‘मग?’ असं विचारलं नव्हतं. साहेब घड्याळ बघतात. भाऊ मेणबत्त्या पाठवतो. इथे तीन माणसं ताटावरचे हात थांबवून त्यांच्याकडे बघत होती. बाईंना कंठ फुटला.

त्यांनी सांगितलं, की ज्वालामुखीतून एकदा लाव्हा आला, पसरला, काळा दगड होऊन पडला. मग पुढचा लाव्हा लगेच येत नाही. मध्ये हजारो वर्षंसुद्धा जातात. त्या काळात काहीच घडत नाही. नुसतं ऊन पडतं, पाऊस पडतो, दगड कुजतो आणि त्याची माती होते. गवत उगवलं असेल, किडामुंगी चालली असेल, बघायला कुणी नाही. आणि मग एक दिवस दुसरा लाव्हा येतो आणि त्या सगळ्यावर झाकण घालतो. माती भाजून निघते, विटेसारखी लाल होते. दगडात ती दिसली की समजायचं, इथे एक संपलं, इथे दुसरं सुरू झालं, आणि मधला एवढा सगळा रिकामा काळ म्हणजे ही वीतभर माती. आणि तीच बोगद्यात घात करते, म्हणून डोंगराला भोकं पाडायची ती मुख्य करून तिलाच शोधायला.

वहिनी म्हणाल्या, “अगं बाई!” बाईंना ते ‘अगं बाई’ फुलासारखं लागलं. त्यांनी ताटातली काकडी घेऊन लोट कसे एकावर एक बसतात तेसुद्धा मांडून दाखवलं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग जावयाकडे वळल्या, आणि इतक्या प्रेमाने बोलल्या की बाईंच्या अंगावर काटा आला.

“म्हणजे जावईबापू, जे शोधायला तुम्हाला पाठवलं होतं, नेमकं तेच घासून धुऊन टाकलंत?”

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

“आई, पुरे,” वहिनी म्हणाल्या.

“मी काय म्हटलं? मी विचारतेय. इतकी वर्षं मला सांगतायत, ‘माझ्या कामातलं तुम्हाला काय कळतं?’ बरोबरच आहे. मला कुठून कळणार? ज्यांना कळतं त्यांनाच विचारलं.”

मिस्त्री पाणी आणायला म्हणून उठले. पाण्याने भरलेला जग टेबलावरच होता. आत नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. बाई ताटातल्या काकडीच्या चकत्यांकडे बघत बसल्या. या घराची सगळी लढाई त्यांना पाठ होती. कुठला सुभा कुणाकडे, कुठे कोण हरलं, कुठली जागा मिस्त्रींनी अजून राखून ठेवली आहे, सगळं. ती जागा एकच होती, त्यांचं काम. आणि तिथली किल्ली आज बाईंनी स्वतः नेऊन म्हातारीच्या हातात ठेवली होती, वर काकडीचा नकाशाही काढून दिला होता.

निघताना मिस्त्री जिन्यापर्यंत पोचवायला आले. रीत म्हणून.

“मिस्त्री, तुमची चूक नाही. मीच मागे चिखलावरून बोलले होते. तुम्ही माझ्यासाठी—”

“ते असू दे. भोक परत पाडू. शेजारी, हातभर अंतरावर. साहेबांना मी सांगतो.”

“मी सांगते. तुमचं नाव येणार नाही.”

“नाव आलं तर आलं. काम चुकलं तर चुकलं.” मिस्त्री कठड्यावरची धूळ बोटाने निपटत होते. “पण हे उद्या सांगायचं होतंत, बाई. नाहीतर जेवायच्या आधी. मला एकट्याला.”

“हो.”

“आता ही म्हातारी मला जन्मभर—” असं म्हणून मिस्त्री थांबले. म्हातारीने काय केलं हे ज्या एका माणसाला जाऊन सांगायचं, ते माणूस समोर उभं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि आत गेले.

सोमवारी बाईंनी साहेबांना सांगितलं. साहेब कुरकुरले, पण पलीकडचं यंत्र थांबलं. आठवडाभर डोंगरावर नवं भोक चालू होतं. बाईंनी एकदा फोन लावला. यंत्राच्या आवाजात “चालू आहे, चालू आहे” एवढंच ऐकू आलं.

शनिवारी टेम्पो आला. मिस्त्रींनी एकच पेटी उतरवली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली, आणि टेबलावर अशी ठेवली जणू आत अंडी आहेत. बाईंनी कागद सोडवला. वर काळा दगड, खाली भोकाभोकांचा, आणि दोघांच्या मध्ये वीतभर लाल माती. चिखलाने बरबटलेली, कुठेही न तुटलेली. वरच्या कडेला जास्त भाजलेली, जवळजवळ जांभळट. खाली जाताना फिकी. बाईंनी बोट लावलं. बोट रुतलं.

पेटीत आणखी एक नवीन गोष्ट होती. जिथे जिथे दगड जरासाही कमी भरला होता, नखाएवढा का होईना, तिथे मिस्त्रींनी मोकळी जागा तशीच ठेवली होती आणि कडेला खडूने लिहिलं होतं, ‘इथलं आलं नाही.’ ब्रशचा मागमूस नव्हता.

“मिस्त्री, हे...” बाईंनी खुर्ची पुढे केली. “बसा. चहा टाकते.”

“गाडी चालू ठेवलीय.”

“घरी कसं आहे सगळं? वहिनींचा गुडघा?”

“बरं आहे.”

“आणि आघाडी?”

मिस्त्रींनी रिकाम्या पेट्या उचलल्या, एकावर एक नीट बसवल्या. “सगळं बरं आहे, बाई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. टेम्पो वळला आणि बसच्या मागे लागून निघून गेला.

बाईंनी लाल थराचं सगळं टिपून घेतलं. रंग, जाडी, किती मऊ, पाणी टाकल्यावर किती वेळात सुटतो. साहेबांना कळवलं. छपराला कुठून कुठपर्यंत आधार द्यायचा ते ठरलं. साहेब म्हणाले, “बरं झालं बाई, वेळेत सापडलं,” आणि दुसरा फोन आला म्हणून त्यांनी ठेवला. काम बिनचूक झालं होतं. बाई गोदामात इकडून तिकडे जाऊन आल्या.

मग फोन वाजला. नंबर अनोळखी.

“मी बोलतेय. ओळखलंत का?”

“ओळखलं, आजी.”

“उद्या जेवायला या. मी मासे आणायला सांगितलेत. तुम्ही गेलात आणि त्या दिवशीचं सगळं अर्धंच राहिलं. ती माती व्हायला किती वर्षं लागली म्हणालात? मी शेजारणीला सांगत होते, तर आकडाच आठवेना. आणि जावयाने आणखी काय काय धुऊन टाकलंय, तेही ऐकायचंय मला.”

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. म्हातारी खवचट होती, पण ऐकत होती. नुसती ऐकत नव्हती. घराबाहेर नेऊन, आठवून, शेजारणीला सांगत होती. त्यांच्या कामाची एवढी बूज आजवर कुणी राखली नव्हती. उद्या रविवार. छोटं टेबल. कोपराला कोपर. बाईंच्या तोंडाशी ‘किती वाजता?’ आलं होतं.

“नाही जमणार, आजी.”

“का? रविवारी दगड पळून जातात का?”

“एक सांगू? तो लाल थर आज आलाय माझ्याकडे. अख्खा. इतका मऊ असतो तो, की नळीचं पाणी जरा जोरात सोडलं तरी विरघळून जातो. पाणी कमी करून, यंत्र हळू हळू, नुसत्या हाताच्या अंदाजाने उतरवावं लागतं. माझ्या सगळ्या नोकरीत असा अखंड निघालेला मी पाहिला नाही. तुमच्या जावयांनी काढलाय.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“हे त्याला सांगितलंत?”

“ते बसले नाहीत.”

“मग मला कशाला सांगता? मी काही त्याच्यापाशी त्याचं कौतुक करायची नाही.”

“नका करू. मी तुम्हालाच सांगितलं. तुमच्यापुरतं.”

“आणि येणार मात्र नाही.”

“मिस्त्रींनी बोलावलं तर येईन.”

म्हातारी खुदकन हसली, अगदी मोकळं. “तो कशाला बोलावतोय आता!”

“हो,” बाई म्हणाल्या. “मग नाही येणार.”

“हट्टी दिसता,” सासूबाई म्हणाल्या. “बरं. बघा बुवा तुमचं.” फोन बंद झाला.

बाईंनी बोटाची लाल माती पुसली. बाहेर बस वळसा घेऊन थांबली होती. कुणी उतरलं नाही, ती गेली. शनिवार अजून बराच उरला होता.